माझी मुलगी पालिकेच्या शाळेत

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या शाळेत पालकसभा होती. मी त्या शाळेत शिक्षिका आहे. सहावी ते आठवीला गणित शिकवते. एरवी सभेत माझी जागा फळ्याच्या बाजूला, टेबलामागे असते. त्या दिवशी मी समोर मुलांच्या बाकावर बसले, कारण माझी मुलगी त्याच वर्षी आमच्या शाळेत सहावीला आली होती. बाक बुटका होता, गुडघे आत मावत नव्हते. माझ्या आजूबाजूच्या बायका मात्र सवयीनं तिरक्या बसल्या होत्या.

मुख्याध्यापकांनी भाषणाच्या ओघात मला उभं केलं. म्हणाले, "या आमच्या शिक्षिका. बी.एड. आहेत, पगारदार आहेत. चाहतीं तो कहीं भी दाखिला करा सकती थीं. पण त्यांची मुलगी आपल्याच शाळेत शिकते. आणखी काय पुरावा हवा?" टाळ्या झाल्या. मी हात जोडून खाली बसले. माझ्या मागच्या बाकावर एक बाई होत्या. नाक्यावर भाजीची गाडी लावतात, त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच तुकडीत. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "टीचर, आपको एकीच बच्ची है?"

"नहीं, बेटा भी है. बडा."

"वो भी इधरीच पढा?"

"नहीं. वो इंग्लिश मीडियम में है."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला. त्या 'अच्छा'मध्ये टोमणा नव्हता, आश्चर्यही नव्हतं. टोमणा असता तर मी उत्तर देऊन मोकळी झाले असते.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. मुंबईजवळच्या एका मोठ्या शहरातली पालिकेची उर्दू शाळा एवढं पुरे. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, 'तिथं तसंच आहे,' आणि सुटतो. चार मजली इमारत, एकाच छपराखाली तीन माध्यमांच्या शाळा, दोन पाळ्या. दुपारी साडेबाराला जिन्यावर एक लोंढा उतरत असतो आणि दुसरा चढत असतो. त्या दहा मिनिटांत मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाची मुलं एकमेकांना ढकलतात. राष्ट्रीय एकात्मतेचा आमचा कार्यक्रम रोज तेवढाच. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालं, कारण गावात उर्दू शाळा नव्हती. पाचवीपासून तालुक्याच्या उर्दू शाळेत. म्हणून मी मराठीत लिहिते आणि उर्दूत शिकवते. आमच्या घरी दोन्ही गोष्टींचं कुणाला विशेष वाटत नाही.

आता टाळ्यांबद्दल खरं सांगते. मुलगा मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो शाळेत जाण्याच्या वयाचा झाला तेव्हा आमच्याच लोकांच्या एका ट्रस्टच्या इंग्रजी शाळेत त्याचं नाव घातलं. फी, व्हॅन, पुस्तकं धरून माझ्या पगाराचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. पतीचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं छोटं दुकान आहे. एखादा महिना चांगला जातो, एखादा जात नाही. मुलीची वेळ आली तेव्हा दोन फिया झेपणार नव्हत्या. सासूबाई म्हणाल्या, "लडकी है. उर्दू पढेगी, जबान रहेगी. तुम्हारे साथ आएगी-जाएगी, नजर के सामने रहेगी." आधी घराजवळची पालिकेची प्राथमिक शाळा आणि सहावीपासून आमची, असं ठरलं. घरात भांडण झालं नाही. मी रडले नाही, अबोला धरला नाही. उलट मला हायसं वाटलं. कुणीही भांडलं नाही, ही गोष्ट मला आज सगळ्यात जास्त खटकते.

म्हणजे सभेत ज्या गोष्टीसाठी टाळ्या वाजल्या ती तत्त्व म्हणून घडलीच नव्हती. ती काटकसर होती, आणि काटकसर कुणाच्या वाट्याला यावी हे घरात आधीच ठरलेलं होतं. आमच्या मोहल्ल्यात अशी कितीतरी घरं मी दाखवू शकते. मुलगा टाय बांधून व्हॅनमध्ये बसतो आणि मुलगी दुपट्टा घेऊन पालिकेच्या शाळेत पायी जाते. उर्दू जिवंत ठेवण्याचं काम आपण मुलींवर सोपवलं आहे आणि त्याला तहजीब असं नाव दिलं आहे.

तर प्रश्न असा. योग्य काम चुकीच्या कारणानं घडलं असेल तर त्याची किंमत किती? आणि त्याआधीचा प्रश्न, ते योग्य तरी होतं का?

बी.एड.ला आम्हाला कोठारी आयोग होता. १९६४ ते ६६. सर्व थरांतली मुलं परिसरातल्या एकाच शाळेत शिकावीत, अशी शिफारस त्यात आहे. आयोगाचं एक कारण असं की, ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुलं सरकारी शाळेत असली तरच ते लोक त्या शाळांकडे लक्ष देतील. परीक्षेत मी हे मुद्द्यांसह लिहिलं आणि चांगले गुण घेतले. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशात जवळपास याच कारणावरून हुकूम दिला. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या सर्वांनी, अधिकारी, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश यांनीसुद्धा, आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. पेपरात बातमी वाचून आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस हशा चालला होता. त्या हुकमाची अंमलबजावणी झाली नाही. तेव्हा मीही हसले होते. माझा मुलगा त्याआधीच इंग्रजी शाळेत जायला लागला होता.

आयोगाचा मुद्दा मला कळला तो मुलगी सहावीत आल्यावर, आणि एका दारावरून कळला.

तिसऱ्या मजल्यावर मुलींच्या टॉयलेटचं एक दार होतं, त्याला कडी नव्हती. कडी बाजारात पन्नास रुपयांना मिळते, पण दाराचं लाकूड खालपासून कुजलेलं, स्क्रू धरत नव्हता. दारच बदलायला हवं होतं. मी त्या शाळेत आले तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ते दार तसंच होतं. मुली दोघी-दोघी जात. एक आत, एक बाहेर दार धरून. मला हे माहीत होतं. पहिल्या वर्षी मी एक अर्ज दिला होता, त्याची पोचही माझ्याकडे आहे. पुढे मुख्याध्यापक बदलले, अर्ज राहिला. मी दोघींना एकदम सोडायची सवय लावून घेतली. 'टीचर, पानी पीने जाऊं?' म्हणून दोघी उठल्या की मला कळायचं.

त्या जुलैत मुलीला ताप आला आणि लघवीची जळजळ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शाळेत पाणी पितेस का?" ती गप्प राहिली. रस्त्यानं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अम्मी, पानी पिया तो जाना पडता है." नव्या शाळेत अजून तिला दार धरणारी मैत्रीण मिळालेली नव्हती.

त्या आठवड्यात मी पालिकेच्या कार्यालयात तीनदा गेले. दुसऱ्या खेपेला आवाज चढवला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मी इथं शिक्षिका म्हणून आलेली नाही, आई म्हणून आले आहे." नवव्या दिवशी दार बसलं. प्लास्टिकचं, निळं. आतून कडी.

घरी सगळे म्हणाले, बघा, हिच्यामुळे दार बसलं. मला मात्र झोप आली नाही. त्या सहा वर्षांत त्या मजल्यावर दीडदोनशे मुली शिकून गेल्या असतील. त्यांतल्या कितीजणी पाणी न पिता बसत होत्या? कुणाला जळजळ झाली, कुणाच्या आईनं काय औषध दिलं, मला ठाऊक नाही. त्या मुली माझ्याच वर्गात होत्या. त्यांच्यासाठी मी एक अर्ज दिला आणि समजूतदार झाले. माझ्या मुलीसाठी नऊ दिवसांत बेअदब झाले. समजूतदारपणाला आपण किती चांगला गुण मानतो! दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत तो आपल्याला फार लवकर येतो.

आपण आपलं मूल अशा शाळेतून काढतो तेव्हा नेमकं काय काढतो हे मला तिथं दिसलं. एक दप्तर कमी होतं, एवढंच नाही. तीनदा खेपा घालणारी, आवाज चढवणारी, अर्ज कुणाला लिहायचा हे जाणणारी एक आई त्या शाळेतून जाते. उरतात त्या आया, ज्यांचा एक दिवस गेला की एक दिवसाची रोजी जाते आणि ज्या कार्यालयाच्या दारात चप्पल काढून उभ्या राहतात. त्यांचं आपल्या मुलींवर माझ्यापेक्षा तसूभरही कमी प्रेम नाही.

स्टाफरूममध्ये मी हे बोलून दाखवलं. आम्ही अकराजण आहोत. माझ्याखेरीज कुणाचंच मूल पालिकेच्या शाळेत नाही. एक सहकारी आहेत, माझ्यापेक्षा सीनियर, विज्ञान उत्तम शिकवतात. त्या म्हणाल्या, "देख, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आजारी पडला तर त्यानं तिथल्याच खाटेवर झोपायला पाहिजे का? मी नोकरी इमानदारीनं करते. तास बुडवत नाही. नौकरी की है, बच्चों का सौदा नहीं किया." त्या खरोखर तास बुडवत नाहीत. हा युक्तिवाद हलका नाही. मूल म्हणजे अल्लाहची अमानत, असं आपण म्हणतो. दुसऱ्याची ठेव आपल्या तत्त्वासाठी खर्च करणं ही खयानतच की! मुलीनं पाणी प्यायचं सोडलं तेव्हा दार बदललं हे खरं, पण दार बदलावं म्हणून तिनं तहानलेलं राहावं असं कुठली आई म्हणेल? तिला मी त्या शाळेत ओलीस ठेवलं आहे का, हा प्रश्न मला अनेक रात्री पडला आहे.

तरी दवाखान्याची तुलना मला पुरती पटत नाही. डॉक्टर खाटेवर झोपला म्हणून शेजारचा रोगी बरा होत नाही. शाळेचं तसं नसतं. शाळा जितकी शिक्षकांची, तितकीच शेजारी बसणाऱ्या मुलांची बनलेली असते. भाजीवाल्या बाईंची मुलगी पुढे माझ्या मुलीच्या शेजारी बसू लागली. माझी मुलगी तिला धडा वाचून दाखवते. ती पोरगी पावशेराचा भाव आणि परतीचे सुट्टे पैसे इतक्या झटकन सांगते की माझ्या मुलीचं बोटं मोजणं बंद झालं. अपूर्णांक मी वर्गात शिकवले, पण तिच्या डोक्यात ते त्या पोरीनं घातले. इंग्रजी शाळेतल्या माझ्या मुलाला अपूर्णांकांसाठी शिकवणी लावावी लागली होती.

यावरून आमची शाळा चांगली आहे असा अर्थ कुणी काढू नये. तो मोह मला स्वतःलाही होतो. माझा मुलगा दुकानात, बँकेत इंग्रजीत बोलतो. मुलगी त्याच्या मागे उभी राहते. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. आमच्याकडे मुलीच्या सहावीच्या वर्षी समाजशास्त्राची जागा सात महिने रिकामी होती. निवडणुकीच्या कामाला माणसं जातात, ते कायद्यात बसतंच. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी शिल्लक आहे त्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. त्यामुळे मधल्या सुटीत आता आम्हीच पुस्तकं उघडून बसतो. मुलं बघतात आणि खूश होतात.

आपल्या समाजाच्या बैठकांत शिक्षणाची गोष्ट निघाली की मदरशांवर येऊन थांबते. सच्चर समितीनं २००६ मध्येच सांगितलं होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मदरशात जातात. सहा ते चौदा वयाच्या चौथा हिस्सा मुलांनी एक तर शाळा पाहिलेलीच नव्हती किंवा मध्येच सोडली होती. उरलेली बहुतेक साध्या, रोजच्या शाळांत होती, आमच्यासारख्या. त्या शाळांच्या दारांविषयी भाषण करायला कुणाला उत्साह वाटत नाही. आपण ट्रस्ट काढतो, इंग्रजी शाळा बांधतो. २०१४ च्या घटनापीठाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही, म्हणून गरिबांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचं बंधन आपल्या शाळांवर नाही. गेल्या वर्षीच्या टीईटीच्या निकालात न्यायालयानं या सवलतीविषयी शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला आहे. कायदा काय व्हायचा तो होवो. पण त्या पंचवीस टक्क्यांत भाजीवाल्या बाईंची मुलगी बसली असती, हे कळायला न्यायालय कशाला हवं? मुलाच्या शाळेत हा प्रश्न मी कधी विचारला नाही. फी भरते आणि घरी येते.

याच बाईंच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट केली, ती लिहायलाच हवी. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. यादी पुरी करायची होती. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मेरे को लिखना-पढना किधर आता है, टीचर?" मी म्हटलं, "कुछ नहीं, सिर्फ साइन करने का." त्यांना सही येते, मुलीनं शिकवली आहे. वर्षभर त्यांनी सह्या केल्या. ठराव मीच लिहीत होते. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द माझ्या हातचे. ज्या बाईचा आवाज शाळेत असायला हवा म्हणून मी स्टाफरूममध्ये वाद घालत होते, तिला मी स्वतः सांगितलं होतं की फक्त सही कर.

आता मुलगी आठवीत आहे. आमची शाळा आठवीला संपते. कायद्याचा मोफत शिक्षणाचा हक्कही तिथंच, चौदा वर्षांपाशी संपतो. पालिकेच्या माध्यमिक शाळा थोड्या. जवळची उर्दू माध्यमिक शाळा दोन बस बदलून. दरवर्षी आठवीच्या निरोपाच्या दिवशी माझ्या मुली खूप रडतात. मला आधी वाटायचं, शाळा सुटते म्हणून. त्यांतल्या काहींचं शिकणंच त्या दिवशी सुटतं, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळलं. पुढच्या वर्षी मुलगा अकरावीला जाईल. पुन्हा तोच हिशेब घरात निघणार आहे, दोघांचा, एकाच पगारात. या वेळी मी गप्प बसणार नाही, असं मी पतींना सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "देखेंगे." सासूबाई काही बोलल्या नाहीत.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना मुलीच्या हाती भावाच्या फीची पावती लागली. तिनं आकडा दोनदा वाचला. "अम्मी, भाई की फीस इतनी है?"

"हां."

"साल की?"

"नहीं, तीन महीने की."

ती थोडा वेळ मनाशी काही मांडत राहिली. गणितात हुशार आहे. मग म्हणाली, "मेरा तो कुछ भी खर्चा नहीं है ना?" ती हे अभिमानानं म्हणाली. घरावर आपला भार नाही याचा तिला आनंद झाला होता. पावती तिनं घडी घालून होती तिथं ठेवली. मी दुसऱ्या दिवशीची पोळ्यांची कणीक उगाच रात्रीच मळायला घेतली.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या दाराची कडी निघाली. लाकूड तसंच कुजलेलं आहे. मी अर्ज लिहिला, मराठीत, नेहमीच्या पद्धतीनं, 'उपरोक्त विषयान्वये' वगैरे. या वेळी खाली माझी एकटीची सही नको म्हणून समितीतल्या आयांना बोलावलं. चौघी आल्या. भाजीवाल्या बाई गाडी जावेच्या हवाली करून आल्या होत्या. मी कागद पुढे केला, पेन दिलं. त्यांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. म्हणाल्या, "टीचर, पहले पढ के सुनाओ."

मी वाचून दाखवलं, एकेक ओळ मराठीतून उर्दूत करून. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "इसमें पानी का भी लिखो. नल में पानी साडेदस के बाद आताच नहीं."

मी शिक्षिका आहे, रोज त्या मजल्यावरून जाते. मला हे माहीत नव्हतं. अर्ज पुन्हा लिहायला घेतला.